निवृत्त गुरुजनांचा मेळावा : शिबिर नको, संभाषा हवी

ज्येष्ठ नागरिकांसाठी आपल्या संघटनेने काहीतरी विधायक करावे, असा विषय बैठकीत निघाला की त्याचे उत्तर जणू ठरलेलेच असते. मोफत तपासणी शिबिर घ्यावे, रक्तदाब व रक्तशर्करा मोजावी, आठवडाभराचे औषध द्यावे, अध्यक्षांच्या हस्ते शाल-श्रीफळ अर्पण करावे आणि वृत्तपत्रात छायाचित्र द्यावे. शेलूबाजार येथे निवृत्त शिक्षकांसाठी एक दिवसाचा अध्ययन व स्वास्थ्य मेळावा घ्यावा, ही सूचना जेव्हा आमच्या परिसरातील काही वैद्यमित्रांनी मांडली, तेव्हा आम्ही तिचे मनापासून स्वागत केले. परंतु पाच मिनिटांतच चर्चेची गाडी याच रुळावर आली, हे पाहून आम्हांस हा लेख लिहिण्याची निकड वाटली. मेळावा अवश्य व्हावा. मात्र तो शिबिराच्या साच्यातला असेल, तर न झालेला बरा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम स्थानाविषयी. मंगरूळपीर तालुक्यातील शेलूबाजार हे गाव अकोला–मंगरूळपीर आणि कारंजा–मालेगाव या रस्त्यांच्या चौफुलीवर वसलेले आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून दूरवरच्या प्रवाशांनाही हे नाव परिचित झाले. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. वाशिम किंवा अकोला येथे होणाऱ्या कार्यक्रमांना सत्तरी ओलांडलेले गुरुजी जात नाहीत. संध्याकाळची शेवटची गाडी चुकण्याची धास्ती त्यांना घरीच बसवते. शेलूबाजारला मात्र आसपासच्या तालुक्यांतून सकाळी निघून दिवस मावळण्यापूर्वी परतता येते. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास विनामूल्य आहे. पासष्टीपुढील ज्येष्ठांना आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे भाडे पडते. तेव्हा प्रवासखर्चाची अडचण फारशी उरत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. निवृत्त शिक्षक हा आपल्यासमोर कोण म्हणून येतो? आपण त्याला ‘रुग्ण’ म्हणून बोलावले, तर तो रुग्ण म्हणूनच येईल, रांगेत उभा राहील व पिशवी घेऊन जाईल. वास्तविक हा एक विशिष्ट व्यवसाय तीस-पस्तीस वर्षे करून आलेला मनुष्य आहे, आणि त्या व्यवसायाच्या खुणा त्याच्या शरीरावर उमटलेल्या असतात. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात न रोखण्याजोगे तेरा वेग सांगितले आहेत. शिक्षकी पेशाइतके वेगविधारण अन्य कोणत्या पेशात होत असेल, अशी शंका आम्हांस नेहमी येते. तास संपेपर्यंत मूत्रवेग रोखायचा, मधली सुटी होईपर्यंत क्षुधा रोखायची, घसा कोरडा पडला तरी धडा पुरा करायचा. ज्या काळात खेड्यांतील शाळांना धड स्वच्छतागृहे नव्हती, त्या काळात नोकरी केलेल्या शिक्षिकांनी तर सकाळी घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत पाणीच प्यायचे नाही, हा नियम वर्षानुवर्षे पाळला. मूत्रकृच्छ्र, उदावर्त, जुनाट मलावष्टंभ या तक्रारी घेऊन त्या आज आपल्याकडे येतात. आपण त्रिफळा देतो, गोक्षुरादी गुग्गुळ देतो, पण नोकरीचा इतिहास किती जण विचारतात? आमच्या रुग्णपत्रिकेत ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘निवृत्त’ एवढेच लिहिलेले असते. निवृत्त हा व्यवसाय नव्हे!

तेरा वेगांत अश्रूंचाही समावेश आहे, याचा आपल्याला बहुधा विसर पडतो. बाष्पवेग रोखल्याने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची व भ्रम होतात, असे संहिता सांगते. निरोपसमारंभात हार घालून घेताना हसतमुख राहिलेले कित्येक गुरुजी पुढील सहा महिन्यांत छातीत धडधड, जेवणावरची वासना उडणे, चक्कर येणे अशा तक्रारी सांगू लागतात. हृदयाची तपासणी आधी करून घ्यावीच. तीत कसूर नको. परंतु तपासण्या निर्दोष आल्या म्हणजे रोग नाही, असे सांगून त्यांना परत पाठविणे हे वैद्याचे काम नव्हे.

दुसरी गोष्ट दिनचर्येची. अठ्ठावन्न वर्षे पूर्ण होतात त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत या माणसाचे उठणे, जेवणे, बोलणे, गप्प राहणे सारे घंटेच्या टोल्यावर बांधलेले असते. दुसऱ्या दिवशी घंटा नाही. अन्नकाल ढळतो, दुपारची झोप सुरू होते, रात्रीची झोप मोडते. दिवास्वापाने कफ-मेद वाढतो आणि वयोमानाने वात वाढतच असतो. आम्ही तर म्हणू की निवृत्तीनंतर प्रकट होणाऱ्या मधुमेहाच्या व संधिवाताच्या तक्रारींचा विचार करताना या मोडलेल्या वेळापत्रकाकडे आधी पाहावे. आणि यावरील उपाय त्या शिक्षकालाच सर्वांत चांगला जमतो, कारण वेळापत्रक आखणे त्याने आयुष्यभर केले आहे. त्याला कोऱ्या कागदावर स्वतःच्या दिवसाचे तास आखायला सांगावे. अभ्यंग, फिरणे, जेवण, वाचन, नातवंडांचा अभ्यास, सारे त्यात बसवावे. आपण फक्त तपासून द्यावे. एरवी आमच्या वह्या त्यांनी तपासल्या. एकदा उलट होऊ द्यावे.

येथे शार्ङ्गधर संहितेतील एका प्रसिद्ध विधानाचे स्मरण देतो. दर दशकागणिक मनुष्याचे काय काय कमी होत जाते, हे त्यात क्रमाने सांगितले आहे. चौथ्या दशकात मेधा, सहाव्यात दृष्टी आणि नवव्यात बुद्धी. म्हणजे साठीच्या उंबरठ्यावर निवृत्त होणाऱ्या शिक्षकाची दृष्टी मंदावलेली असते (मोतिबिंदू असेल तर शल्यचिकित्सकाकडे पाठवावे, अंजनाच्या आशेवर ठेवू नये), पण बुद्धी शाबूत असते, आणि पुढे दोन दशके ती त्याला साथ देणार असते. मेधा म्हणजे ग्रहण-धारणेची शक्ती मात्र केव्हाच उताराला लागलेली असते. या हिशेबाने पाहता चाळिशीतल्या आम्हां वैद्यांची अवस्थाही काही निराळी नाही. यावरून मेळाव्यासाठी एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. दोन-दोन तासांची व्याख्याने ऐकवून ती लक्षात ठेवण्याची अपेक्षा धरणे, म्हणजे जे कमी झाले आहे त्याच्यावर भार टाकणे होय. जे शिल्लक आहे, म्हणजे सारासार विचार, तुलना, निर्णय, त्याला काम द्यावे.

हे काम कोणते, ते सांगतो, आणि आमच्या मते मेळाव्याचे खरे प्रयोजन येथेच आहे. आमच्या भागात आजही गावातला माणूस औषधाविषयी वैद्याला विचारण्यापूर्वी गुरुजींना विचारतो. गुरुजींनी सांगितले म्हणजे ते खरे. भ्रमणध्वनीवर फिरत आलेला एखादा ‘रामबाण उपाय’ गुरुजींनी पुढे पाठविला की त्यावर जणू मोहोर उमटते. २०२० साली करोनाच्या साथीत आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, काळी मिरी व मनुका यांचा काढा सुचविला होता. मात्रा अल्प होती. आमच्याकडे वैशाखाच्या उन्हात घरोघरी तो दिवसातून चार-चार वेळा, वाट्या भरून प्यायला गेला आणि अम्लपित्त, मुखपाक, नाकातून रक्त येणे अशा तक्रारींनी आमचे दवाखाने भरले. देश, काल, प्रकृती, मात्रा हे शब्द कोणीही त्यांच्यापर्यंत पोहोचविले नव्हते. पुढे २०२१ मध्ये मुंबईतील काही यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या रुग्णांत यकृताला इजा आढळल्याचे प्रसिद्ध केले. मंत्रालयाने ते अमान्य करीत गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या, पण भिन्न असलेल्या वेलीकडे लक्ष वेधले. त्या वादात कोणाची बाजू बरोबर, हा येथे प्रश्न नाही. प्रश्न हा की, कुंपणावरची कोणतीही वेल तोडून ‘गुळवेल’ म्हणून उकळणाऱ्या आपल्या गावकऱ्याला ती ओळखायला कोण शिकविणार? आपण शिकवू शकू त्याहून दसपट चांगले ते कोणी निवृत्त विज्ञान शिक्षक शिकवतील. पान, देठ, साल, आडवा छेद यांची आकृती फळ्यावर काढून नावे देणे, हेच तर त्यांनी जन्मभर केले.

बिब्ब्याचे उदाहरण आणखी जवळचे. विदर्भात बिब्बा घरोघरी ठाऊक आहे. गोडंबी आपण आवडीने खातो. दुखऱ्या गुडघ्यावर बिब्ब्याचा डाग देण्याची चाल अजूनही संपलेली नाही. भल्लातक हे उत्तम रसायन असले तरी औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम १९४५ यांच्या अनुसूची ई(१) मध्ये, म्हणजे विषारी द्रव्यांत त्याची गणना आहे, आणि अशा द्रव्यांची पोटात घ्यावयाची औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत, असा इशारा वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. मधुमेही वृद्धाच्या गुडघ्यावर बिब्बा उतून झालेली जखम महिनोन्‌महिने भरत नाही, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. या विषयावर वैद्यांनी फलक लावले तरी लोक म्हणतील, यांना धंदा जाण्याची भीती. गुरुजींनी तेच पारावर बसून सांगितले तर ऐकतील.

आणि स्वतः गुरुजींनाही काही सांगण्याची गरज आहेच. त्यांच्यापैकी बहुतेकांची रक्तदाबाची वा मधुमेहाची आधुनिक औषधे चालू असतात आणि त्यांच्या जोडीला ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ या समजुतीने ते स्वतःच काही घेत असतात. यष्टिमधु मेध्य रसायनांत सांगितले आहे खरे; परंतु ते दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढतो व शरीरातील पोटॅशियम घटते, हे आता सर्वमान्य आहे. रक्तदाबाच्या रुग्णाने रोज जेवणानंतर लवणभास्कर घ्यावे काय? मधुमेह्याने साखरेच्या पाकातला च्यवनप्राश चमचा-चमचा खावा काय? रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असणाऱ्याने गुग्गुळाचे कल्प कोणालाही न सांगता सुरू करावेत काय? हे प्रश्न मोकळेपणाने चर्चिले गेले, तर आयुर्वेदाची प्रतिष्ठा कमी होईल असे मानणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

आता स्वरूपाविषयी. संभाषा ही आपल्या शास्त्राची मूळ प्रकृती आहे. प्राणिमात्रांचे दुःख पाहून ऋषी हिमालयाच्या पायथ्याशी एकत्र जमले, या प्रसंगाने चरकसंहितेचा आरंभ होतो. विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे संधाय व विगृह्य असे दोन प्रकार सांगून पहिल्याची प्रशंसा केली आहे. यज्जःपुरुषीय अध्यायात आपापल्याच पक्षाला चिकटून वाद घालणाऱ्यांना पुनर्वसू आत्रेय तेलाच्या घाण्याभोवती फिरत राहणाऱ्याची उपमा देतात. आमच्या काही परिषदांचे वर्णन याहून नेमके करता येणार नाही, पण ते असो.

पाश्चात्त्य देशांतही या दिशेने प्रयत्न झाले आहेत. फ्रान्समधील तुलूझ येथे १९७३ मध्ये निवृत्तांसाठी ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ सुरू झाले. तेथे विद्यापीठाचे प्राध्यापक शिकवीत आणि वृद्ध ऐकत. ही कल्पना ब्रिटनमध्ये गेली तेव्हा तिचे रूप पालटले. तेथे सभासदच एकमेकांना शिकवतात. आज जो इतिहास सांगतो, तोच उद्या दुसऱ्याकडून वनस्पतींची ओळख करून घेतो. शेलूबाजारला आम्हांस हे दुसरे रूप हवे आहे. येणारे सारे शिक्षकच असताना त्यांना दिवसभर श्रोते म्हणून बसविणे हा उपहास ठरेल.

म्हणून सकाळचे एक सत्र पूर्णतः त्यांच्याकडे सोपवावे. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी हलकी कवायत घ्यावी. गुडघे दुखणाऱ्यांना खुर्चीवर बसून करता येईल अशी. संगीत किंवा भाषा शिकविणाऱ्यांनी आवाजाची निगा कशी राखली, ते सांगावे. स्वरभेदावर आपण त्याला शास्त्राची जोड द्यावी. आणि आमच्या मनातली एक खास इच्छा येथे नमूद करतो. मराठी माध्यमातून आलेल्या आमच्या पिढीला बीएएमएसच्या पहिल्या वर्षी संस्कृत किती जड गेले, हे सांगायला नको. ज्यांच्या शाळेत संधी-समास घटवून घेणारे शिक्षक होते, तेच तरले. असे निवृत्त संस्कृत शिक्षक आजही खेड्यापाड्यांत आहेत. त्यांना मेळाव्यात तरुण वैद्यांसमवेत बसवून संहितेतील एखादा उतारा पदच्छेद व अन्वयासह वाचावा. अर्थ वैद्याने लावावा, व्याकरण गुरुजींनी. दोघांनाही परस्परांची गरज आहे, हे एका तासात उमगेल. आचाररसायनाचा भाग यासाठी फार योग्य आहे. सत्य, अक्रोध, मधुर भाषण, नियमित निद्रा-जागरण, दूध-तुपाचे नित्य सेवन आणि देशकालाचे भान ठेवणाऱ्याला औषधावाचूनही रसायनाचे फळ मिळते, असे तेथे सांगितले आहे. औषधविक्रेत्यांनी याचा राग मानू नये!

औषधनिर्माते व औषधालयांचे मालक यांच्याविषयी बोलणे भाग आहे, कारण खर्चाचा विषय निघाला की सर्वांचे डोळे त्यांच्याकडे वळतात. त्यांनी वर्गणी द्यावी, परंतु मेळाव्याच्या आवारात त्या दिवशी एकाही औषधाची विक्री होऊ नये, सवलतीचे कूपन वाटले जाऊ नये, ही आमची अट आहे. ती काहींना कठोर वाटेल. ‘मग आमचा लाभ काय?’ असा प्रश्न एका विक्रेते मित्राने आम्हांस सरळ विचारला, आणि तो अप्रामाणिक नव्हता. आमचे उत्तर असे : ज्या मेळाव्यात औषध विकले गेले, तेथून परतलेले गुरुजी गावात सांगतील की अमुक कंपनीचा कार्यक्रम होता. त्यांच्या शब्दाला जे वजन आहे, तेच आपण त्या दिवशी खर्ची घालू. शिवाय मधुमेह, रक्तदाब, पक्षाघात अशा व्याधी बऱ्या करण्याचे दावे करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या जादुटोणाविषयक उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यान्वये बंदी आहे. मेळाव्यातल्या भित्तिपत्रकांवर काय छापले जाते, ते पाहिल्यास अनेकदा मान खाली घालावी लागते.

विक्रेत्यांजवळ देण्याजोगे याहून मोलाचे काही आहे. खरे आणि बनावट द्रव्य शेजारी शेजारी मांडून दाखविण्याचे कसब त्यांच्याइतके कोणाजवळ नाही. अशोकाच्या नावाने बागेतल्या उंच, सरळ आसुपालवाची साल विकली जाते. शंखपुष्पीच्या नावाखाली प्रांतोप्रांती निराळ्या वनस्पती मिळतात, ब्राह्मी व मंडूकपर्णी यांचा घोळ तर जुनाच आहे. बाळहिरडा आणि सुरवारी हिरडा यांतला फरक हाताळल्याशिवाय कळत नाही. अशा वीस-पंचवीस द्रव्यांच्या जोड्या मांडाव्यात, चिठ्ठी लावू नये, आणि गुरुजींनी ओळखाव्यात. परीक्षा घेणाऱ्यांची परीक्षा म्हटली की ते किती रंगतात, ते पाहावे. ज्या औषधालयाने हे प्रदर्शन मांडले, त्याचे नाव कोणी न सांगता लक्षात राहील.

तपासणी अजिबात नको, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ती रांगेत, दोन मिनिटांत आणि सर्वांसमक्ष नको. शिक्षिकांच्या तपासणीसाठी स्वतंत्र खोली व महिला वैद्य असल्याच पाहिजेत. मूत्राशयाच्या तक्रारी त्या अन्यथा सांगणार नाहीत. कमी ऐकू येणे, रात्री उठताना तोल जाणे, विसरभोळेपणा या तीन गोष्टी प्रत्येकाला आवर्जून विचाराव्यात, कारण त्या कोणी आपणहून सांगत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण लागू झाले आहे. त्याची नोंदणी करून देणारे एक टेबल ठेवल्यास आपल्या गोळ्यांच्या पुड्यांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

दिवस कोणता निवडावा, यावरही मतभेद आहेत. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी-मळणी चालू असते आणि निवृत्त झाले तरी गुरुजींची शेती सुटलेली नसते. नोव्हेंबरात सारे निवृत्तिवेतनधारक हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत येतातच, तेव्हाच त्यांना गाठावे, असे एक मत आहे. परंतु आपण जिवंत आहोत हे कागदावर सिद्ध करण्याच्या त्या धावपळीत अध्ययनाला मन कुठले लागणार? मकरसंक्रांतीनंतरचा एखादा रविवार आम्हांस योग्य वाटतो. अग्नी प्रदीप्त असतो, ऊन सुसह्य असते, तिळाची ताजी चटणी आणि ज्वारीची भाकरी घालून साधे जेवण देता येते. सकाळी दहाला आरंभ करून चारला सांगता करावी. भाषणे उद्‌घाटनाचे एक आणि समारोपाचे एक, प्रत्येकी दहा मिनिटांची. हे नियमावलीत लिहूनच ठेवावे.

या सूचना आम्ही पुढील बैठकीत मांडणार आहोत. तोपर्यंत शेलूबाजार परिसरातील सभासदांनी आपापल्या गावातील निवृत्त शिक्षक-शिक्षिकांची यादी करावी. नाव, वय, गाव यांबरोबर एक रकाना अवश्य ठेवावा : ते कोणता विषय शिकवीत असत.